आधी वही, मग गाडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की, कृष्णाकाठच्या पुराच्या वेळी आपल्या मंडळाने जे काम केले त्यावर तुम्ही बोला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची सवय नाही. परंतु काम हाताने केलेले आहे, तेव्हा त्याविषयी चार शब्द सांगायला हरकत नाही, असे मनाशी म्हणून उभी राहिले आहे.

आपण विट्याच्या बायका. पाण्याचा दुष्काळ आपल्याला पाठ आहे. २०१९ सालच्या उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यात आटपाडी आणि जत भागात टँकर फिरत होते, जनावरे चारा छावणीत बांधलेली होती. आणि त्याच साली ऑगस्ट महिन्यात, आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर, पलूस, वाळवा आणि मिरज तालुक्यांतली गावे पाण्याखाली गेली. एकाच जिल्ह्यात एकीकडे घागरभर पाण्यासाठी रांग आणि दुसरीकडे माळवदावर बसून पाणी उतरण्याची वाट पाहणारी माणसे! नागपंचमीच्या सुमारास पाणी चढले आणि नारळी पौर्णिमा आली तरी कित्येक घरांतून ते पुरते निघाले नव्हते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांवर धोक्याची खूण आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे माणसे बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकजण बुडाले. त्यांत बायका आणि लेकरे अधिक होती. ती बातमी आली त्या दिवशी आपल्यापैकी कितीजणींच्या घरी चूल नीट पेटली नाही, हे मी सांगायला नको. आपल्या निम्म्या जणींची माहेरे कृष्णाकाठची.

त्यानंतर मदतीचा जो ओघ सुरू झाला, तो पाहून मन भरून यावे असाच होता. आपल्या गावाने भाकऱ्या दिल्या, चटणी दिली. गलाईच्या धंद्यानिमित्त परमुलखात राहणाऱ्या आपल्या माणसांनी तिकडून पैसे पाठवले. माणुसकी आटलेली नाही, हे त्या आठ दिवसांत दिसून आले. परंतु भगिनींनो, मला आज माणुसकीविषयी बोलावयाचे नाही. ती आपल्याजवळ आहेच. मला बोलावयाचे आहे ते मोजदादीविषयी. कोणाचे काय गेले हे नीट मोजल्याशिवाय दिलेली मदत बहुधा ज्याला मिळायला हवी त्याला मिळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले, आणि तेवढेच मला सांगायचे आहे.

मदतीच्या गाड्या येतात त्या डांबरी रस्त्याने. रस्त्यावरचे पहिले गाव त्या अडवते, आणि त्या गावातली पहिली गल्ली त्या रिकाम्या करते. यात त्या गल्लीचा दोष नाही, तीही बुडालेलीच असते. पण ओढ्यापलीकडची वस्ती, मळ्यातली चार घरे आणि नदीच्या अगदी कडेला खालच्या अंगाला राहणारी मंडळी यांच्यापर्यंत काही पोचत नाही. पाणी मात्र त्यांच्याच दारी सर्वांत आधी येते आणि सर्वांत शेवटी जाते. एका गावात चौकात जुन्या कपड्यांचा ढीग माणसाच्या उंचीएवढा झाला होता. फाटक्या साड्या, एका पायाचे बूट, लग्नातले कोट. वरून पाऊस पडत होता. त्या गावच्या एक वयस्कर बाई मला म्हणाल्या, “आक्का, आमचा गाळ काढायचा का ह्यो ढीग काढायचा?” त्याच गावात झाडू कोणाकडे नव्हता, बादली नव्हती आणि काडेपेटी कोरडी राहिली नव्हती.

म्हणून आपल्या अध्यक्षबाईंनी जो निर्णय घेतला तो मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी सांगितले की, गाडी दोन दिवस थांबू द्या, आधी चौघीजणी वही घेऊन जा. कोणी कोणी नावे ठेवली. लोक उपाशी आहेत आणि या बायका हिशेब लिहीत बसल्या, असेही ऐकावे लागले. पण शिजवलेले अन्न त्या गावी पोचत होते, एवढी चौकशी आम्ही आधीच केली होती. पाणी ओसरू लागले आणि रस्ता मोकळा झाला, तशा आम्ही निघालो. गावाचे नाव मी मुद्दाम घेत नाही.

आम्ही सरपंचांना भेटलो, पण चौकशी तेवढ्यावर ठेवली नाही. बचत गटाच्या बायकांना बरोबर घेतले आणि घरोघर गेलो. सुरुवात गावाच्या खालच्या टोकाकडून केली. दुपारी पुरुषमंडळी रानाकडे गेली म्हणजे बायका मोकळेपणाने बोलतात, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक घरी आमचे तीन प्रश्न ठरलेले होते. आज रात्रीपुरते काय पाहिजे? आठ दिवस निभावण्यास काय पाहिजे? आणि पुन्हा हातपाय हलवून मिळवते होण्यास काय पाहिजे? आधी घरात माणसे किती, तान्हे किती, बाळंतीण आहे का, अंथरुणाला खिळलेले कोणी आहे का, रोजचे औषध कोणाला लागते, हे लिहून घ्यायचे आणि मग हे तीन प्रश्न.

उत्तरे ऐकून आम्ही थक्क झालो. आज रात्रीपुरते म्हणून कोणी लाडू-चिवडा मागितला नाही. मागितले ते पिण्याचे पाणी, मीठ, तेल, तवा, परात, बॅटरी आणि कोरडे अंथरूण. पुष्कळ ठिकाणी गॅसची टाकी वाहून गेलेली होती. बायकांनी खालच्या आवाजात सांगितले ते परकर, आतले कपडे आणि अडचणीच्या दिवसांतले सामान. ह्या वस्तू कोणत्याही गाडीत नव्हत्या. गाडी भरणारे आणि उतरवणारे दोघेही पुरुष, त्यांना सुचणार तरी कसे? एका म्हाताऱ्या आजीने फक्त चष्मा मागितला. त्यांना सुई-दोरा जमत नव्हता एवढेच त्यांचे दुःख नव्हते, रात्री पाय कुठे पडतो ते दिसत नव्हते. पुरानंतर साप घरात शिरतात, हे त्या बोलल्या तेव्हा आमच्या ध्यानात आले. मग बॅटऱ्यांची संख्या आम्ही वाढवली.

आठ दिवसांसाठी बादली, खराटा, फावडे, फिनेल आणि पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या. जनावरे ज्यांनी वाचवली त्यांना वैरण हवी होती. गाय वाचली, पण रानातला घास कुजला. मग ती दूध कशाच्या जोरावर देणार? आपल्याकडे कडबा होता कुठे? आपणच छावणीवर! म्हणून पेंडीची पोती न्यावयाची असे ठरले.

आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले ते शिलाई यंत्र, पिठाची गिरणी, शेळ्या, कोंबड्या आणि मुलांची दप्तरे. कितीतरी बायका दुसऱ्यांचे ब्लाऊज शिवून घर चालवीत होत्या. यंत्रात गाळ गेलेला, आणि गिऱ्हाइकांचे कापडही वाहून गेलेले. ते भरून देण्याचा घोर वेगळाच.

आता सरकारी पंचनाम्याविषयी थोडे बोलते. पंचनामा करणाऱ्यांना बोल लावण्याचा माझा हेतू नाही. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामसेवक आणि कृषी सहायक अशी दोन-तीन माणसे चिखलातून शेकडो घरे आणि शेते पाहतात. त्यांचे स्वतःचे घरही कधीकधी पाण्यातच असते. परंतु पंचनामा कागदावर चालतो. शेताचे नुकसान सात-बाऱ्यावरच्या नावाने, घराचे ग्रामपंचायतीच्या नोंदीवरच्या नावाने. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच ते धरायचे, हा नियम २०१५ पासूनचा. त्याआधी तर निम्मे पीक जावे लागे. २०२२ ते २०२६ या काळासाठी जे दर ठरले त्यांत जिरायती पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. दुभत्या गाईम्हशीला ३७,५००, शेळीला ४,०००, कोंबडीला १००. घरातल्या भांड्यांसाठी २,५०० आणि कपड्यांसाठी २,५००. हे आकडे मी पाठ केले आहेत, आणि तुम्हीही असले आकडे त्या त्या वेळी विचारून घ्यावेत, कारण काय मिळावयाचे हे ठाऊक नसले तर माणूस मिळेल तेवढ्यावर अंगठा उठवतो.

२०१९ साली पूरग्रस्त कुटुंबाला खेड्यात १०,००० आणि शहरात १५,००० रुपये असे ठरले होते. त्यातले ५,००० आधी रोख हातात द्यावयाचे होते. दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ फुकट देण्याचा आदेशही निघाला, पण त्यात घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असावे अशी अट होती. त्यावर राज्यभर ओरड झाली. चुलीत पाणी शिरले की एका तासात पीठ भिजते, हे कोणत्याही बाईने सांगितले असते.

तर या पंचनाम्यात जे बसत नाही ते कोण लिहिणार? वर्षाचे धान्य, लोणच्याच्या बरण्या, पापड-कुरडया, लेकीच्या लग्नासाठी साठवलेली भांडी, बी म्हणून राखलेला शेंगदाणा, शिलाई यंत्र. जी बाई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते, तिचा महिना-दोन महिन्यांचा रोजगार बुडतो, पण तिच्या नावे सात-बारा नाही, म्हणून पिकाची भरपाई तिला नाही. मालकाचे पीक गेले हे कागदावर येते. मजुरिणीची मजुरी गेली हे कोठेच येत नाही.

यातलीच एक हकीकत सांगते. गावाच्या खालच्या टोकाला एक विधवा बाई, दोन मुलांना घेऊन, दिराच्या घरामागच्या खोपीत राहत होत्या. खोप भुईसपाट झालेली. दोन शेळ्या वाहून गेलेल्या. पंचनामा होऊन गेला होता, पण त्यांचे नाव त्यात नव्हते. मी विचारले, तुम्ही सांगितले नाही का? त्या म्हणाल्या, “मला कोण इचारतंय, आक्का? जागा दिराच्या नावावर हाय. शेळ्या तर वाहूनच गेल्या, दावू काय त्यांना?” आम्ही वहीत सगळे लिहिले. रेशनकार्ड त्यांच्या नावाचे वेगळे होते, ते भिजलेले पण वाचता येण्याजोगे, उशीच्या अभ्य्रात घालून त्यांनी वाचवले होते. शेळ्या होत्या याला शेजारच्या चार घरांची साक्ष होती. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घेऊन चावडीत गेलो. आमच्यातल्या एकजणीने हात जोडून सांगितले, “भाऊसाहेब, तक्रार नाही, राहिलेली नावे आणली आहेत.” भाऊसाहेबांनी वही वाचली. अशी अकरा घरे निघाली. ते स्वतः पुन्हा त्या टोकाला आले आणि पुरवणी पंचनामा केला.

पुढे त्या बाईंना सानुग्रह मदत मिळाली, कारण कार्ड वेगळे होते. शेळ्यांचे पैसे ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बऱ्याच खेपा घालून मिळाले. घराचे मात्र मिळाले नाहीत. जागा दिराची, नोंद दिराची, पैसे दिराच्या खात्यात गेले. मी हे झाकून ठेवत नाही. वहीने सगळे होत नाही. पण वही नसती तर त्यांच्या हातावर काहीच पडले नसते. आणि घराच्या नोंदीत बाईचे नाव असणे ही केवळ मानाची गोष्ट नसून संकटात पोटाची गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी नीट कळले. आपल्यापैकी कितीजणींची नावे घराच्या उताऱ्यावर आहेत? घरी जाऊन एकदा पाहा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुराचे सगळे नुकसान पहिल्या आठवड्यात दिसत नाही. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी ओसरून ऊन पडले म्हणजे वाळताना तडकतात. पहिल्या पंचनाम्यात ज्या घराची थोडी पडझड लिहिली, ते पंधरा दिवसांनी कोसळू शकते. ऊस वरून हिरवा दिसतो, पण शेंड्यावरून पाणी गेले आणि तसेच उभे राहिले तर तो आतून कुजतो. हळदीचा कंद जमिनीत सडतो, तो उकरल्याशिवाय कळत नाही. माणसाचेही तसेच. पहिले आठ दिवस सगळे धीराने उभे असतात. पुढे ताप येतात, जुलाब होतात, चिखलात पाय कुजतात. काहीजणींची झोप उडते ती उडतेच. म्हणून आम्ही ठरवले की त्या गावी एकदा जाऊन भागणार नाही. पंधरा दिवसांनी आणि पुन्हा गौरी-गणपतीच्या सणानंतर आम्ही तीच वही घेऊन गेलो. दुसऱ्या खेपेला तीन घरांच्या भिंती नव्याने पडलेल्या आढळल्या. त्यांची छायाचित्रे तारखेसह मोबाइलवर काढून घेतली आणि अर्जाला जोडली.

वाटप कसे केले तेही सांगते, कारण पुष्कळदा घोटाळा तेथेच होतो. आम्ही गाडी चौकात उभी केली नाही. घरवार चिठ्ठ्या आदल्या दिवशी बचत गटाच्या बायकांनी वाटल्या होत्या. चिठ्ठीवर घरातली माणसे आणि द्यावयाच्या वस्तू लिहिलेल्या. खालच्या टोकाला आधी, चौकाला शेवटी. परकर आणि इतर कपडे एका खोलीत बायकांनीच बायकांना दिले, तेथे पुरुष कोणी आला नाही. घेताना कोणाचा फोटो काढावयाचा नाही, असा मंडळाचा ठराव होता. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याला शिधा दिला, तिला हात पसरताना आपण छापून आणावे हे बरे नव्हे. वाटून झाल्यावर दिलेल्या मालाची यादी आम्ही गावच्या देवळाच्या भिंतीवर लावून आलो. त्यामुळे कुजबुज झाली नाही. सगळ्यांना सगळे कळले.

पाण्याविषयी एक शब्द. संकटाच्या काळी माणशी दररोज निदान पंधरा लिटर पाणी लागते, पिणे, स्वयंपाक आणि धुणे-अंघोळ धरून, असे या कामातली जाणती माणसे मानतात. पाच माणसांच्या घराला म्हणजे पंचाहत्तर लिटर. पाण्याच्या बाटल्यांचे खोके कितीही नेले तरी हे भागत नाही. त्यापेक्षा विहीर उपसून टीसीएल पावडर घालणे आणि घरोघर झाकणाची कळशी व गोळ्या देणे जास्त उपयोगी पडते. हे आरोग्यसेविका आणि आशाताई यांना नीट ठाऊक असते. आपण त्यांच्या हाताखाली काम करावे, हे मला योग्य वाटते.

जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पुन्हा पूर आला. त्याच दिवसांत महाड तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले आणि चिपळूण बुडाले. त्या वेळी आपल्या मंडळाला नव्याने काही शोधावे लागले नाही. वही होती, प्रश्न तयार होते आणि त्या गावच्या बायकांनी आपल्या गावाची यादी आपणच करून ठेवली होती. आम्ही जाण्याआधी त्यांचा निरोप आला की, अमुक इतके परकर, इतक्या बॅटऱ्या, इतकी पेंड, आणि कृपा करून जुने कपडे नकोत. मदत घेणाऱ्या बायका आता मोजणाऱ्या बायका झाल्या, याचा मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर भागात सीना नदीने आणि मराठवाड्यात अतिवृष्टीने जे केले ते तुम्ही सर्वांनी पाहिले. जी मुलखे आपल्यासारखीच टँकरवर जगणारी, तीच बुडाली. तेव्हा पूर हा फक्त कृष्णाकाठचा, आपल्याला त्याचे काय, असे आता कोणी म्हणू नये.

म्हणून जाता जाता तीन विनंत्या करते. पहिली, मंडळाने दर ज्येष्ठात एक पत्र्याची पेटी भरून ठेवावी. तीत वह्या, पेन्सिली, प्लास्टिकच्या पिशव्या, चिठ्ठ्यांचे कागद आणि कोणाकडे कोणते वाहन, कोणती मोठी भांडी आहेत याची यादी असावी. दुसरी, प्रत्येकीने आपल्या घरचे रेशनकार्ड, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक आणि घराचा उतारा एका जाड पिशवीत घालून हाताशी ठेवावा, आणि कोरड्या दिवसांत घराचे व गोठ्याचे एकेक छायाचित्र काढून ठेवावे. नंतर काय होते हे सांगावे लागते तेव्हा ते कामी येते. तिसरी, ज्या ज्या गावी आपल्या लेकी दिल्या आहेत, तेथे त्यांना सांगावे की नुकसानीची यादी चावडीवर लागली म्हणजे ती वाचा, आणि ज्या शेजारणीचे नाव त्यात नाही तिला हाताला धरून घेऊन जा.

आपण रोज घरात मोजतोच. डाळ किती उरली, दूध किती आले, पाहुणे किती. ती मोजण्याची सवय देवाने आपल्या हाती दिली आहे. ती शेजारच्या गावाच्या उपयोगी पडावी, एवढेच माझे मागणे.